ब्रेकवरचा पाय

दात घासताना एका पायावर उभं राहायचं, असं फिजिओबाईंनी सांगितलंय. म्हणून रोज सकाळी मी बेसिनसमोर उजवा पाय टेकवून, डावा उचलून, तोंडात ब्रश घालून डुलत असते. घोटा थरथरतो, फेस हनुवटीवरून ओघळतो, आणि आरशातली चाळिशी ओलांडलेली बाई माझ्याकडे बघते, की हे काय चाललंय तुझं. नवरा टॉवेल घेऊन दारात उभा असतो. "बगळ्याचं ध्यान आटोपलं की सांग," म्हणतो. रोज तोच विनोद. पूर्वी हसायचे, आता ब्रश तोंडात असल्याचं निमित्त करते.

तर हा उजवा घोटा. एकदा मुरगळला, बरा झाला. दुसऱ्यांदा मुरगळला, बरा झाला. तिसऱ्यांदा असा मुरगळला की आतला एक पट्टा, लिगामेंट म्हणतात तो, अर्धा फाटला आणि घोट्याचं वांगं झालं, रंगानंसुद्धा. हाड मोडलं असतं तर परवडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हाड म्हणे सांधतं आणि विसरून जातं, पट्टा मात्र डूख धरून बसतो. मी कंटाळले आहे. दुखण्याचा कंटाळा वेगळा आणि बरं होण्याचा वेगळा, आणि दुसरा जास्त वाईट. दुखत असताना निदान लोक पाणी आणून देतात.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसांच्या हातात जीव द्यायचा आणि चेहरा असा ठेवायचा, की किती छान चालवताय. लोक म्हणतात, बरं आहे, बसून काम. बसून बघा म्हणावं एकदा. घरी येते तेव्हा मान आखडलेली असते, घसा बसलेला असतो, आणि कुणी जेवायला काय करू असं विचारलं तरी मी "डावीकडे बघा आधी" असं म्हणेन अशी अवस्था असते.

या सगळ्यावर मला एकच उतारा सापडला होता, तो म्हणजे टेकड्यांमधल्या पायवाटांवर पळणं. ट्रेल रनिंग म्हणतात त्याला. ते वेड मला नणंदेनं लावलं. तिला घरात सगळे भिंगरीच म्हणतात, कारण लहानपणापासून तिच्या पायाला भिंगरी. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, दिवसभर दुसऱ्यांचे दात कोरत बसते, आणि सुट्टी मिळाली की डोंगरावर पळत सुटते. गावामागं झाडीतून एक वाट खिंडीपर्यंत चढते आणि पलीकडच्या अंगानं पाण्याच्या टाकीपाशी उतरते. ती वाट आमची. आमची म्हणजे काय, कुणाचीही, पण एवढी वर्षं पळाल्यावर हक्क वाटायला लागतो.

वाट अरुंद आहे, एका वेळी एकीच मावते. म्हणून आमचा एक कायदा. पुढची जे दिसेल ते मोठ्यानं सांगते: दगड, मूळ, खडी, फांदी. मागची "हो" म्हणते. "हो" आलं नाही, तर पुढचीनं जिथं असेल तिथं थांबायचं. पुढे नेहमी भिंगरी, मागे मी. दगड, हो. मूळ, हो. लग्नातसुद्धा मी इतक्यांदा हो म्हटलं नसेन.

गाडीही तिला मीच शिकवणार होते. दोन-तीन दिवस आली आणि मग गुपचूप दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. माझी सख्खी नणंद, आणि शिकायला गेली समोरच्यांकडे. वर्षभर मला त्या रस्त्यानं जायची लाज वाटायची. कारण विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तुझ्या गाडीत मलाही ब्रेक आहे, हेच मला कळलं नाही." मला वाटलं, टोमणा मारतेय. मारू दे म्हटलं.

तिसऱ्यांदा पाय गेला तेव्हा मी सोफ्यावर पाय उशांवर ठेवून पडले होते. भिंगरी आली, पायाशी बसली, बर्फाची पिशवी नीट केली आणि म्हणाली, "लॅब दुसऱ्या शहरात शाखा काढतेय. मला तिथली मुख्य करतायत." मी म्हटलं, अगं वा, केवढी चांगली बातमी. चांगलीच होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कवळ्या घासल्या तिनं, आता तिच्या हाताखाली लोक असणार. पण ते शहर लांब आहे, इतकं लांब की सुट्टीच्या दिवशी उठून पळायला येता येणार नाही. जायला काही महिने होते. मी मनात ठरवून टाकलं: ही जायच्या आत एकदा तिच्याबरोबर खिंड चढायची आणि पलीकडे टाकीपर्यंत पळत उतरायचं. बाकी मला काही नको होतं.

फिजिओबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा घोटा दोन्ही हातांत धरून इकडेतिकडे फिरवला. त्यांचे हात कायम गार असतात. "होईलही," म्हणाल्या. "पण उतावळेपणा केलात तर चौथ्यांदा याल, आणि तेव्हा मी नाही, सर्जन बघतील तुम्हाला. मग पळणं विसरायचं." नंतर विचारलं, "पाय वळला तेव्हा खाली काय होतं?"

"दगड असेल."

"असेल म्हणजे?"

मला राग आला. पडताना माणूस खाली बघून नोंदी करतो का? पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिसऱ्या वेळी मी पडले ती जागा टाकीच्या जरा वर, मऊ मातीची, गादीसारखी सपाट. भिंगरीनं तिथं रागारागानं दगड शोधला होता, लाथ मारायला. तिला सापडला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी वाटेला बोल लावत होते, आणि वाट तर सरळ होती.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं पर्व. पायाला रबरी पट्टा बांधून पंजा ओढायचा. उशीवर उभं राहायचं. पायऱ्यांच्या कडेवर टाचा खाली सोडायच्या. तळ्याभोवतीच्या सपाट रस्त्यावर एक दिव्याचा खांब पळायचं आणि दोन खांब चालायचं. मी पळायला लागले की काठी टेकत चालणारे एक आजोबा मला गाठायचे, मी चालायला लागले की पुढे जायचे, आणि जाताना म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या." माझ्यानंतर पळायला लागलेल्या दोन मुली गप्पा मारत बाजूनं जायच्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. शेजारीण गच्चीवरून विचारायची, या वयात हे कशाला. तिला काय सांगणार? मला स्वतःलाच रोज संध्याकाळी बूट घालताना तोच प्रश्न पडायचा. दमलेली असायचे. बुटाची नाडी बांधायला वाकले की तशीच वाकून बसावंसं वाटायचं.

भिंगरी बरोबर यायची. तिचं माझ्याबरोबर असं खांब मोजत चालणं मला आवडतही होतं आणि खटकतही होतं. "तू जा गं पुढे," मी म्हणायचे. "मला घाई नाही," ती म्हणायची. खोटं. तिला जन्मात कधी घाई नव्हती असं झालेलंच नाही.

त्या दिवसांत माझ्याकडे एक निवृत्त गणिताचे मास्तर शिकायला यायचे. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आजवर गाडी तीच चालवायची, म्हणून आता हे शिकायला निघाले होते. माणूस हुशार, पण स्टिअरिंग बुडत्यानं ओंडका धरावा तसं धरायचे. एकदा चौकात शिरताना डावीकडून सायकलवाला आला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. पुढच्या वळणावर कुत्रं आलं, मी ब्रेक दाबला. मास्तरांनी गाडी बाजूला घेतली, इंजीन बंद केलं, चष्मा पुसला.

"मॅडम, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"माझा पाय ब्रेकवर पोचतो तेव्हा गाडी आधीच थांबलेली असते. रोज. मी वर्गात मुलांच्या हातातला खडू घेऊन गणितं स्वतःच सोडवली असती ना, तर माझा एकही विद्यार्थी पास झाला नसता."

"मास्तर, सवय आहे ती. नाही दाबला तर आपण दोघं दवाखान्यात असू."

"सवय चांगलीच आहे," ते म्हणाले. "मी फक्त म्हणतोय, ती जरा जास्त झालीय."

मी काहीतरी उत्तर देणार होते. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर एक माणूस दुकानाची पायरी उतरताना चुकला, हात हवेत फेकले, सावरला आणि आपल्या वाटेनं गेला. घोट्यात कळ आली म्हणून मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ब्रेकवर होता, पार खाली दाबलेला. गाडी उभी होती, इंजीन बंद होतं, आणि मी त्या रस्त्यावरच्या माणसासाठी ब्रेक दाबून बसले होते.

मी मास्तरांना म्हटलं, चला, पुढे घ्या गाडी. पण त्या तासाला मी त्यांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. डोक्यात एकामागून एक तीन चित्रं येत होती. पहिल्या वेळी ओल्या पाल्यावर भिंगरी घसरली होती. दुसऱ्या वेळी तिनं खुंटावरून उडी मारली आणि तिचा तोल गेला. तिसऱ्या वेळी, त्या गादीसारख्या मातीवर, तिच्या बुटाची नाडी सुटून पायात आली. तिन्ही वेळा ती पुढे होती, मी मागे. तिन्ही वेळा ती सावरली, आणि पडले मी. ती अडखळली की माझा पाय ब्रेक दाबायला जायचा. डोंगरावर ब्रेक कुठला? पळता पळता पाय ताठ करून जमिनीवर आपटायचा, आणि घोटा बिचारा वळणार नाही तर काय करील. इतके दिवस घोडं कुठं पेंड खातंय ते कळत नव्हतं, ते माझ्याच पायाशी खात होतं.

खात्री करायची म्हणून संध्याकाळी तळ्यावर मी भिंगरीला पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर पुढे घातलं. आम्ही नुसत्या चालत होतो. बारीक खडीवर तिचा पाय वीतभर सरकला, आणि माझा उजवा पाय धप्पकन आपटला. मी तिथंच खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं.

आधी ती इतकी हसली की तीही खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी तू डोंगरावर ब्रेक मारतेस? वहिनी, तू धन्य आहेस." मीही हसले. दमलेल्या माणसाचं हसू थांबत नाही, तसं आमचं किती तरी वेळ चाललं. मग ती हातातली खडी एक एक करून गवतात टाकत बसली.

"म्हणजे तुझा पाय तिन्ही वेळा माझ्यामुळे गेला," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कसा? माझ्या सवयीमुळे."

"मी पडेन म्हणून ना?"

हो, ती पडेल म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर सामान बांधतेय, लॅबमध्ये कामं उरलीत, माणसांना शिकवायचंय. आवाज गोड, पण बोलणं बंद दाराआडून केल्यासारखं. मी एकटी खांब मोजत पळत होते. आता दोन खांब पळायचे आणि एक चालायचा, म्हणजे सुधारणा होती, पण कुणासाठी? नवऱ्याला म्हटलं, तुझ्या बहिणीला झालंय काय. तो म्हणाला, "लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हाही ती आठवडाभर कपाटामागे बसली होती. चूक झाली की लपते ती." मी म्हटलं, इथं फुटलेली पाटी माझी आहे, आणि मला तिनं लपायला नकोय.

शेवटी एका दुपारी दोन शिकणाऱ्यांच्या मधल्या वेळात मी गाडी घेऊन सरळ तिच्या लॅबवर गेले. लांबट खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, कुणाला समोरचे दोन नाहीत, कुणाला एकच शिल्लक. तापलेल्या मेणाचा वास. भिंगरी डोळ्याला मोठं भिंग लावून गुलाबी मेणात दात बसवत होती, बारीक सुरीनं त्याच्या मुळाशी मेण कोरत. मला बघितलं तरी तिचा हात थांबला नाही.

"रविवारी जायचंय," मी म्हटलं. "तू जाण्याआधीचा तो शेवटचा."

"नाही."

"फिजिओबाईंनी सोडलंय मला. एका पायावर उड्या मारून दाखवल्या, जिना उतरून दाखवला. चढ चालत जायचं, उतार हळू, लहान पावलं. त्यांनी हो म्हटलंय."

"त्यांचं काय जातंय?" तिनं भिंग कपाळावर सरकवलं. डोळे लाल होते, कामानं की कशानं कोण जाणे. "चौथ्यांदा गेला तर तू परत पळणार नाहीस. आणि मी तिकडे बसून आयुष्यभर तेच आठवत राहीन. तेवढं नको करूस मला."

"आणि खिंडीत न जाता गेलीस तर मी इथं बसून काय आठवू? खांब?"

शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान खाली घालून मोठ्यानं घासायला सुरुवात केली. बिचारा. मी आवाज कमी केला.

"मी पुढे पळते. तू मागे. मला डोक्यामागे डोळे नाहीत. तू दिसलीच नाहीस, तर ब्रेक कुणासाठी मारू?"

"दिसणार नाही. ऐकू येईल."

"मग पडू नकोस."

तिनं तो मेणातला दात अंगठ्यानं जरासा दाबला, वाकडा झाला, परत सरळ केला. माझा पुढचा विद्यार्थी स्कूलवर खोळंबला असणार, हे मला कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. "पण कायदा तोच. मी 'हो' म्हणतेय तोवर तू थांबायचं नाहीस."

रविवारी स्कूलची गाडी मालकांना विचारून घेतली. वर 'शिकाऊ' असा फलक असलेली गाडी टेकडीच्या पायथ्याशी उभी करायची, नवऱ्यानं ती दुसऱ्या बाजूला टाकीपाशी नेऊन ठेवायची आणि किल्ली बंपरमागच्या नेहमीच्या फटीत ठेवून बसनं घरी जायचं, ही आमची जुनी पद्धत. तो म्हणाला, "दोघी धड या," आणि एवढंच म्हणून गेला. विनोद केला नाही म्हणजे घाबरला होता.

चढ आम्ही चालत गेलो. मला धाप लागत होती. इतके महिने सपाटीवर काढल्यावर मांड्या चढ विसरून गेल्या होत्या. पूर्वी जिथं बोलत बोलत पळत जायचो, तिथं मी झाडाला हात टेकून उभी राहत होते. खिंडीत वारा होता. आम्ही पाणी प्यायलो. खालच्या झाडीच्या वर टाकीचं गोल छप्पर दिसत होतं, एवढंसं. मला खरं सांगू तर परत फिरावंसं वाटलं. घोटा दुखत नव्हता, पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी त्याला विचारत होते, येतोस ना बाबा.

"जा," भिंगरी म्हणाली.

मी निघाले. लहान पावलं, गुडघे सैल, नजर पुढच्या चार पावलांवर. इतकी वर्षं मी फक्त हो म्हणत आले होते, आता सांगायची पाळी माझी. जीभ वळेना. पहिला दगड तर मी ओलांडूनही गेले आणि मग सांगितलं.

"दगड."

"हो. उशीर झाला," मागून आलं.

"मूळ."

"हो."

"फांदी, डोक्याशी."

"हो."

हळूहळू जमलं. समोर कुणाची पाठ नव्हती. एवढ्या वर्षांत मला ही वाट दिसलीच नव्हती, दिसली होती ती भिंगरीची पाठ, तिचे खांदे, तिचे बूट. आता नुसती वाट, आणि ती आपोआप पायाखाली येत होती. घोटा वाकत होता, सरळ होत होता, आपलं काम करत होता. मला बरं वाटलं. फार दिवसांनी.

ओढ्याच्या कोरड्या पात्राजवळ वळण आहे, तिथं खडी सैल. "खडी," मी म्हटलं. मागून सरपटल्यासारखा आवाज आला, खडखडून काहीतरी घसरलं. माझा उजवा पाय ताठ व्हायला लागला. मला ते कळलं, होताना कळलं, घोट्यापासून मांडीपर्यंत तो ओळखीचा ताठरपणा चढला.

"हो," भिंगरी म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

पाय सैल पडला. पडला तो पुढे पडला, नीट, वाटेवर. मी पळत राहिले.

"मूळ, मोठं."

"हो." जरा लांबून आलं. हळू येतेय, म्हटलं, मला जागा देतेय.

"दगड, दोन."

"हो." आणखी लांबून.

"सरळ आहे आता."

"हो." एवढं बारीक की वाऱ्यात मिसळलं. पण हो होतं, आणि कायदा कायदा असतो. मी त्या गादीसारख्या मातीवरून पळाले, जिथं तिसऱ्यांदा पडले होते तिथून, आणि टाकीच्या कुंपणाला हात लावून थांबले. घोट्याला हात लावून बघितलं. गरम होता, घामेजलेला होता, जागेवर होता. मी एकटीच मोठ्यानं हसले. वळून बघितलं तर वाट रिकामी.

वाट बघता बघता माझं हसू गेलं. बऱ्याच वेळानं ती झाडीतून आली, चालत, एक हात दुसऱ्या हातानं धरून. कोपर सोललेलं, गुडघ्यावरची पँट फाटलेली, गालाला माती. रक्त पोटरीवरून मोज्यापर्यंत गेलं होतं.

"ओढ्याशी?" मी विचारलं.

"हो."

"म्हणजे तेव्हापासून तू तिथंच पडली होतीस? पडल्या पडल्या हो हो करत होतीस?"

"बसले होते," ती म्हणाली. "पडले होते सुरुवातीला. मग बसले."

मला इतका राग आला की माझ्या डोळ्यात पाणी आलं. "अगं, डोकं आपटलं असतं तर? पाय मोडला असता तर? एक शब्द बोलता येत नव्हता?"

"बोलले असते तर थांबली असतीस."

"थांबलेच असते."

"मग," ती म्हणाली, आणि कुंपणाला टेकून खाली बसली. "घोटा कसा आहे?"

"गेला खड्ड्यात घोटा. कोपर दाखव."

मी बाटलीतलं पाणी ओतून तिचं कोपर धुतलं. माती निघेना. ती दात आवळून बसली होती, पण माझ्या पायाकडेच बघत होती. मी रुमाल फाडून बांधला. पुढच्या रविवारी ती तिकडे असणार होती, नव्या घरात, नव्या टेकड्या शोधत. आणि मी इथं एकटी, पुढेही मीच आणि मागेही मीच. मला ते आत्ताच, ती समोर बसलेली असताना, असह्य झालं, आणि मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, मला तू नसलेली वाट नकोय. ती म्हणाली, "माहितीय गं," आणि तिचा चांगला हात माझ्या घोट्यावर ठेवून बसून राहिली.

गाडीपाशी आल्यावर मी फटीतून किल्ली काढली. दार उघडलं, आत बघितलं. स्टिअरिंगच्या बाजूची जागा, तिच्या पायाशी तीन पेडल. शेजारची जागा, तिच्या पायाशी माझा ब्रेक.

"कोपर वाकतंय का?" मी विचारलं.

"वाकतंय. का?"

मी किल्ली तिच्या हातात दिली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. गाडी सुरू केली, मागे घेतली. उतारावर तिनं जरा वेग घेतला, पहिल्या वळणावर ब्रेक थोडा उशिरा दाबला. पण दाबला. मी बूट काढले, पाय सीटवर वर घेतले आणि डोळे मिटले.